नमुन्याबरहुकूम

"पुन्हा एकदा चाला," मी म्हणाले.

अक्काताई सातपुते पदर खोचून शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. पायांत सहा नंबरची कोरी कोल्हापुरी, खाली शहाबादी फरशी, आणि पावलागणिक एक खणखणीत आवाज. कर्र. कर्र. कर्र.

"हा कसला आवाज?"

"बोलती की ती," अक्काताई म्हणाल्या. आपलं मूल बोलायला लागलं की आया सांगतात, तशा सुरात.

मी दुसऱ्या पेटीतला जोड काढायला सांगितला. तोही बोलला. तिसऱ्या पेटीतला बोलला. देवदारी पेट्या भिंतीला लावून रचलेल्या होत्या. त्यांच्यावर काळ्या रंगानं हॅम्बुर्गचा पत्ता घातलेला होता. पत्ता रंगवणाऱ्याला ती अक्षरं वाचता येत नसावीत, कारण त्यानं ती फार मन लावून काढली होती.

"सगळ्या बोलतात?"

"सगळ्या," कोपऱ्यातून दत्तोबा म्हणाले.

दत्तोबा सातपुते म्हणजे अक्काताईंचे मोठे दीर. साठीच्या आसपासचे, दारातून आत येताना मान वाकवावी लागेल इतके उंच. सोसायटीत अकरा घरं होती. वेण्या आणि पट्ट्यांचं काम बायका करायच्या, तळ पुरुष करायचे, पण शेवटचा हात दत्तोबांचा. सोसायटीची सेक्रेटरी अक्काताई. नवरा गेल्यावर सातवीपर्यंतच्या शिक्षणाच्या जोरावर त्यांनी ती उभी केली होती. आजवर त्यांचा सगळा माल पेठेतले व्यापारी घ्यायचे आणि आपला शिक्का मारून विकायचे. सहाशे जोडांची ही पहिली ऑर्डर, जिच्या पेट्यांवर सोसायटीचं स्वतःचं नाव होतं.

ही चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. मी फिजिक्स घेऊन नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि व्यापार खात्याच्या निर्यात तपासणी ऑफिसात तांत्रिक सहायक म्हणून लागले होते. देशाबाहेर जाणारा माल आधी आमच्या हाताखालून जायचा. आम्ही पास केल्याशिवाय पेटी बोटीवर चढत नसे. माझ्या पिशवीत एक स्प्रिंगचा काटा, एक कॅलिपर, एक भिंग आणि आईनं दिलेला डबा असायचा. डबा सोडला तर बाकीच्या वस्तूंवर माझा फार विश्वास होता.

आणि आमच्या दोषांच्या तक्त्यात "चालताना आवाज" असा एक दोष होता.

का होता, तेही मला माहीत होतं. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताना क्षणभर अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात. सारंगीची तार गजाखाली गाते ती याच कारणानं. पायताणात असं झालं, तर बहुतेक वेळा अर्थ एकच असतो: तळाचे थर सुटायला लागलेत.

"सुटलेलं न्हाई काय," दत्तोबा म्हणाले. "ओढून बगा."

मी ओढून बघितलं. चपलेचा अंगठा काट्याला अडकवून मी लोंबकळले म्हणायला हरकत नाही. अंगठा हलला नाही. बाजूचे कान हलले नाहीत. टाके भिंगाखाली एकसारखे. तळाची जाडी चार ठिकाणी मोजली, चारही ठिकाणी तीच. त्या मालात खोट काढायला जागा नव्हती. फक्त तो बोलत होता.

"आत काय घातलंय तुम्ही?"

"त्ये घरचं हाय, बाईसाब." म्हणजे सांगण्यासारखं नाही.

"मला रिपोर्टात लिहावं लागेल."

"मग लिवा, घरचं हाय."

अक्काताई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "मॅडम, ही खोड न्हवं. ही मुद्दाम करत्यात. जादा काम हाय. मुकी चप्पल कुणीबी करंल. शनवारी ट्रक हाय मुंबैला. बोट चुकली तर ऑर्डर गेली. पेठंतलं शेटजी वाटच बगत बसल्यात, कदी बाई तोंडावर आपटती म्हणून."

"ऑर्डर नमुन्यावर मिळाली ना? नमुना बोलतो का?"

अक्काताईंनी दत्तोबांकडे बघितलं. "बोलतोच की. तुमीच क्येला न्हवं, भावजी?"

"बोलतो," दत्तोबा म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला," मी म्हणाले. "नमुना आमच्या ऑफिसात सीलबंद आहे. उद्या उघडू. तो बोलला तर माल पास. नाही बोलला तर माझ्या हातात काही नाही."

मी निघाले तेव्हा दत्तोबा दारापर्यंत आले. त्यांच्या पायांत टायरच्या सोलची, जागोजागी खिळे मारलेली चप्पल होती. हे माझ्या नजरेत भरलं. जिल्ह्यात ज्याच्या हाताला तोड नाही, त्या माणसाच्या पायांत टायर.

"बाईसाब, एक इचारू?"

"विचारा की."

"तिकडं ही चप्पल कोन घालतं?"

"दुकानात ठेवतील. जो विकत घेईल तो घालेल."

"कुनीबी?"

"कुणीही."

"आनि घालून कुठनंबी जातं?"

मला प्रश्न कळला नाही. "कुठूनही जाईल. रस्ते आहेत की तिकडे."

दत्तोबांनी मान हलवली आणि पुन्हा आत जाऊन बसले.

आमचं ऑफिस शाहूपुरीत होतं, गुळाच्या एका अडतीच्या माडीवर. हंगामात खालून गुळाचा असा वास यायचा की फायलींचे कागदसुद्धा गोड लागतील असं वाटायचं. नेमका आमच्या टेंगशे साहेबांना मधुमेह होता. ते दिवसभर बिनसाखरेचा चहा पीत आणि खिडकीकडे पाठ करून बसत. आज तिथे मोबाईलची दुकानं आहेत. पण हिवाळ्यात कधी कुठे गुऱ्हाळाचा वास आला की मला ती माडी आठवते, तिच्या लांबलचक व्हरांड्यासकट.

साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"उरुणकर, गाणारी चप्पल चांगली की मुकी, हे ठरवायला सरकार आपल्याला पगार देत नाही. गिऱ्हाइकाला जे दाखवलं तेच पेटीत आहे का, एवढंच आपण बघायचं. कमी नको, जास्त नको."

"जास्त असेल तर काय बिघडलं, सर?"

"आज जास्त आवाज पाठवाल, उद्या जास्त टाच पाठवाल. चार वर्षांमागं एका व्यापाऱ्यानं तळात पुठ्ठा घालून माल पाठवला होता. तिकडच्या पावसात त्याचा लगदा झाला. त्याचं नाव कुणाला आठवत नाही. आपल्या देशाचं मात्र अजून आठवतं. ते निस्तरायला हे ऑफिस निघालं." त्यांनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "काढा नमुना."

अक्काताई आणि दत्तोबा सकाळपासूनच व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसले होते. टायरची चप्पल दत्तोबांनी खाली, जिन्याशी काढून ठेवली होती. त्यांच्यासमोर मी पिशवीचं लाखेचं सील फोडलं. आतून लालसर कातड्याचा एक जोड निघाला. इतका देखणा, की शिपाई तुकाप्पासुद्धा "आयला" म्हणून गेला.

पण तो दहा नंबरचा होता.

झालं होतं असं, की ऑर्डर द्यायला आलेलं गिऱ्हाईक साडेसहा फुटी होतं आणि नमुन्यासाठी त्यानं स्वतःच्याच पायाचं माप दिलं होतं. दत्तोबांनी एकाच कातड्यातून दोन जोड केले. एक त्याला टपालानं गेला आणि पसंत पडला. दुसरा आमच्या कपाटात आला. तो आजवर कुणाच्या पायांत गेला नव्हता.

"चालून बघितल्याशिवाय बोलतो कसं म्हणायचं?" साहेब म्हणाले. "कुणाचा पाय दहा नंबर?"

माझा चार. साहेबांचा सात. तुकाप्पाचा पाय सहा, तोही आपण आठचा म्हणून सांगणारा. मग आम्हा सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी गेली. बाकाखाली दोन प्रचंड अनवाणी पावलं जोडून ठेवलेली होती.

"दत्तोबा, तुमचा नंबर काय?"

"धा."

"मग घाला आणि चला इथून तिथवर."

दत्तोबा उठले नाहीत. "म्या न्हाई घालत."

"का?"

"न्हाई घालत, सायेब."

"अहो, तुम्हीच केलीय ना?"

"म्याच क्येली."

"मग?"

दत्तोबा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. अक्काताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

माझ्या मनात आलं ते कुणाच्याही मनात आलं असतं. हा नमुना बोलत नाही. दत्तोबांना ते ठाऊक आहे. म्हणून पाय पुढे येत नाही.

पण अंदाजावर माल फेटाळायचा नाही, आणि पासही करायचा नाही. एवढं मी पदवीच्या पहिल्या वर्षातच शिकले होते. मी चप्पल हातानं वाकवून बघितली. किंचितसं काहीतरी झालं, आवाज म्हणण्यासारखं नाही. मी स्वतः घालून चालले. दहा नंबरात चार नंबरचा पाय म्हणजे होडीत बसलेलं कोंबडं. चप्पल भलत्याच ठिकाणी वाकली आणि फटफटत राहिली. मग मला वजनाची कल्पना सुचली. खालच्या अडतीतून गुळाची एक ढेप वर मागवली, चपलेवर ठेवली आणि टाच हळूहळू उचलली. ढेप घरंगळून तुकाप्पाच्या पायावर जाता जाता राहिली. चप्पल गप्प.

"उरुणकर," साहेब शांतपणे म्हणाले, "पायाचं काम गुळाला जमत नाही. आणि ती ढेप माझ्यासमोरून न्या."

मग तुकाप्पाला सुचलं. "सायेब, तालमीतनं पैलवान आणू काय? कोल्हापुरात धा नंबरच्या पायाला तोटा हाय व्हय?"

अर्ध्या तासानं तो एक पैलवान घेऊन आला. दूध पिता पिता उठवून आणलेला असावा, कारण मिशीला साय होती. त्यानं मोठ्या हौसेनं पाय पुढे केला. लांबीला पाय बरोबर दहा. पण रुंदीला त्यात माझे दोन बसले असते. अंगठा आत जायलाच तयार नव्हता.

"दाबू का जरा?" पैलवानानं विचारलं.

"नको," दत्तोबा, अक्काताई आणि मी एकदमच म्हणालो.

"ह्यो पाय हाय का पायरी," अक्काताई पुटपुटल्या. इतक्या काळजीतही त्यांची जीभ आवरत नव्हती. पैलवान थोडा दुखावून परत गेला.

उन्हं व्हरांड्यात कलली. खाली अडतीवरचे हमाल हातपाय धुवायला लागले. मी शेवटचं विचारायचं म्हणून दत्तोबांसमोर जाऊन उभी राहिले.

"दत्तोबा, खरं सांगा. नमुना बोलत नसेल तर नसेल. लपवून काही उपयोग नाही."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "बोलतो, बाईसाब. जोड करताना वाकवून कान लावला की मला कळतं. खोटं न्हाई सांगत."

"मग चार पावलं चाला. सहाशे जोड अडकलेत. अकरा घरांनी तीन महिने रक्त आटवलंय त्याच्यावर."

"ठावं हाय."

"पाय दुखतोय का? की ते सीलबंद म्हणून बिचकताय? सरकारी वस्तू असली तरी आता आम्हीच सांगतोय ना घाला म्हणून."

त्यांचे हात मांडीवर होते. आरीनं आणि राठ दोऱ्यानं कापून कापून बोटांच्या पेरांवर काळ्या रेघा पडलेल्या. माझी नजर तिकडे गेली तसे त्यांनी ते पाठीमागे नेले. मला ते लबाडी पकडली गेल्याचं लक्षण वाटलं.

मी टेबलाशी परत आले. पेनाचं टोपण काढलं. "आवाज: नमुन्याची पडताळणी होऊ शकली नाही" असं वाक्य मनात जुळवलं. या वाक्याचा अर्थ काय होतो ते व्हरांड्यातल्या प्रत्येकाला कळत होतं. शनिवारचा ट्रक रिकामा जाणार. पेठेतले शेटजी सोमवारी शेडवर येणार, पेट्यांवरचं नाव खरवडून काढणार आणि माल निम्म्या भावात उचलणार.

तेवढ्यात अक्काताई उठल्या. दीर बसलेला असताना त्याच्यासमोर उभं राहून बोलायची त्यांच्यात रीत नसावी, कारण त्या जराशा तिरक्या, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "भावजी, हितं चावडी न्हाई."

एवढंच म्हणाल्या.

दत्तोबांनी डोक्याचा पटका काढला, झटकला, पुन्हा नीट बांधला. लग्नाला निघालेल्या माणसानं बांधावा तसा. टेबलाशी येऊन त्यांनी तो जोड दोन्ही हातांनी उचलला, खाली फरशीवर ठेवला. आधी उजवा पाय. मग डावा. चप्पल त्यांच्या पायांत अशी बसली जशी कधी निघालीच नव्हती.

व्हरांडा लांब होता. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला ओळीनं खोल्या. शेवटाला साहेबांची केबिन, पुढे जिना. दत्तोबांनी पहिलं पाऊल टाकलं.

कर्र.

मी पेन खाली ठेवलं.

शेडमध्ये ऐकला होता तोच आवाज, पण या माणसाच्या वजनाखाली तो भरदार, खालच्या पट्टीतला लागत होता. कर्र. कर्र. प्रत्येक पावलानंतर दत्तोबा क्षणभर थांबत होते, पुढच्या पावलाआधी कुणी काही म्हणतंय का ते ऐकत असल्यासारखे. रेकॉर्डरूममधला कारकून दारात आला. टाइपरायटर थांबला.

साहेबांच्या केबिनच्या दाराशी दत्तोबा एकाएकी वाकले. हात चपलेच्या कानाशी गेला. एक टाच अर्धी उचलली गेली.

"काय झालं? तुटली का?" साहेब मागून ओरडले.

दत्तोबा तसेच वाकलेले राहिले. त्यांची पाठ मला दिसत होती. तेवढा वेळ खालच्या पेठेतलासुद्धा आवाज आला नाही असं मला आठवतं, आणि ते शक्य नाही हेही मला माहीत आहे.

"न्हाई," ते म्हणाले. "तुटली न्हाई."

ते सरळ झाले. चप्पल पायांतच ठेवून त्या दारावरून पुढे गेले. जिन्यापाशी वळले आणि परत आले. आता मध्ये थांबत नव्हते.

"झालं, दत्तोबा, ऐकलं आम्ही," साहेब म्हणाले. "पुरे."

दत्तोबांना बहुधा ऐकू गेलं नाही. ते टेबलाला वळसा घालून पुन्हा निघाले. कर्र, कर्र, कर्र, व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत आणि पुन्हा इकडे. साहेबांनी दुसऱ्यांदा काही सांगितलं नाही. अक्काताईंनी तोंडाला पदर लावला होता. हसत होत्या की काय ते मला कळेना.

मी तक्ता पुढे ओढला आणि "चालताना आवाज" या रकान्यासमोर लिहिलं: नमुन्याबरहुकूम.

साहेबांनी ते चष्मा वर करून वाचलं. "हु ऱ्हस्व, कू दीर्घ. बरोबर." आणि सही केली.

शनिवारी ट्रक गेला. बोट मिळाली. नमुन्याच्या पिशवीवर मी पुन्हा लाख ओतली आणि ती कपाटात ठेवली. परदेशातून तक्रार यायची मुदत संपेपर्यंत नमुना आमच्याकडे राहायचा आणि मग ज्याचा त्याला परत जायचा. तक्रार आली नाही. गुळाचा हंगाम सरला, पेठेतला वास विरत गेला, साहेब खिडकीकडे तोंड करून बसायला लागले. एके दिवशी तुकाप्पा ती पिशवी सोसायटीत पोचवून आला. "दत्तोबांनी घिटली. दोनी हातांनी," एवढं त्यानं सांगितलं.

दुसरी ऑर्डर उन्हाळ्यात आली. जर्मन गिऱ्हाइकानं मालाच्या वर्णनात या वेळी एक शब्द वाढवला होता: आवाजासह. त्यामुळे मी शेडवर गेले तेव्हा भांडणाचं काही उरलेलं नव्हतं. दत्तोबा नव्हते. गावच्या जत्रेसाठी सगळ्यांना घेऊन गेले होते, सगळे परतले तरी ते एकटे मागे राहिले होते.

"राहिले कसे? त्यांना गाव आवडत नाही, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात."

"आवडत न्हाईच. तीस वरसं जत्रंला गेलं न्हवतं." अक्काताईंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि समोर बसून वेणी घालायला घेतली. त्यांची बोटं बोलताना थांबत नसत. "मॅडम, त्या दिशी तुमास्नी वाटलं आसंल, म्हातारा लबाड हाय."

मी कपबशी जवळ ओढली.

"माझं सासरं, रायाप्पा, गावच्या पाटलाची चप्पल करायचं. बोलती. पाटील निघाला की आदी आवाज यायचा, मग पाटील. लोक उटून हुबं ऱ्हायाचं. एकदा सासऱ्यानी जोड क्येला आनि आवाज बराबर लागलाय का बगावं म्हणून घरापासनं पाटलाच्या दारापातुर सोता घालून गेलं. दुसरं काय न्हाई, बगायला. तुमी बगता तसं."

"मग?"

"वाटंत चावडी. आमच्या लोकास्नी चावडीम्होरनं पायतान काडून, हातात घिऊन जायाला लागायचं. मुकी चप्पल आसली तरीबी. ही तर बोलती." वेणीचा एक पदर त्यांनी दातात धरून आवळला. "धरलं. त्योच जोड डोक्यावर दिऊन दिवस मावळंपातुर चावडीम्होरं हुबं क्येलं. भावजी सात वरसाचं हुतं. बापाच्या शेजारी हुबं. घरी आल्यावर सासरं म्हणालं, करायची, घालायची न्हाई. तवापासनं भावजींनी बोलती चप्पल पायांत घाटली न्हाई. शेरात आलो, चावडी सुटली, पर पाय काय ऐकंना."

खाली फरशीवर ऊन पडलं होतं. त्यात कातड्याचे बारीक कपटे पसरलेले होते.

"आनि ह्या सहाशे जोडात आवाज घाला म्हणून मी न्हवतं सांगितलं. नमुन्यात त्यांनी हौसंनं घाटला हुता. सगळ्यांत कशाला मरता, म्हणलं मी. तर म्हणालं, अक्का, तिकडं चावडी नसती."

चहा गार झाला होता. मी तो तसाच प्यायले.

"आणि आता जत्रेत?"

"जत्रंत तुमचा नमुना घालून ग्येलं," अक्काताई म्हणाल्या, आणि आता त्या नक्की हसत होत्या. "यस्टीतनं उतरलं, पिशवीतनं जोड काडला, घाटला आनि निगालं. मी म्हणलं, भावजी, सांबाळून. चावडीच्या कट्ट्यावर त्योच पाटील बसल्याला. तवा तरणा हुता, आता नव्वदीचा. डोळं ग्येल्यात. शेजारी कुनी न्हाई. सगळं गाव देवळात."

"ओळखलं त्यानं?"

"दिसतंय कुठं. आवाज आला तसा काठी टेकून उटला. उटून हुबा ऱ्हायला, मॅडम. म्हणला, कोन पावनं? या, बसा की."

अक्काताईंनी वेणी संपवली, टोकाला गाठ मारली, ती पुऱ्या झालेल्या वेण्यांच्या ढिगात टाकली.

"मग बसले का?"

"बसत्यात कशाचं. 'घाई हाय' म्हणालं." त्यांनी दुसरी वेणी घ्यायला हात पुढे केला. "आनि मग सबंद गावातनं दमानं चालत ग्येलं. इतकं दमानं, की आमी पोरंबाळं घिऊन देवळात गेलो, नारळ फोडला, परत आलो, तरी आवाज येतच हुता."